सहा ढेपांची सहल

या सहलीत आप्पासोंना मिळणार होतं ते असं: जाण्यायेण्याचा प्रवास जावयाच्या जीपमधून, पेट्रोल जावयाच्या कुपनांवर, शिदोरी बायकोच्या हातची, आणि सहा ढेपा गुळाला चिपळूणच्या बाजारात रहिमतपूरच्या दुप्पट मोल. त्यांना द्यायचं होतं ते एवढंच, की वाटेत जावई जिथं जिथं "मामा, बघा!" म्हणेल तिथं तिथं मान वळवायची. आप्पासोंनी हा सौदा तीनदा उलटापालटा करून पाहिला. त्यात कुठंच खोट सापडेना, म्हणून ते जरा अस्वस्थच झाले.

जावई लालासाहेब म्हणजे इटलीहून परत आलेला हवालदार. लढाई संपून दीड वर्ष होत आलं, पण त्यांच्या तोंडातलं तिकडचं तळं काही आटत नव्हतं. तिथले डोंगर म्हणे सरळ पाण्यात पाय सोडून बसलेले. शिवाय त्यांच्या कॅप्टनसाहेबाकडे नॉर्वे नावाच्या मुलखाची चित्रं होती. तिथे समुद्रच डोंगरांच्या पोटात पाच-पाच कोस आत शिरतो आणि त्याला फ्योर्ड म्हणतात. "असं दुसरीकडं कुठं नाही," असं साहेब म्हणाला, ते लालासाहेबांच्या मनाला लागून राहिलं होतं. पलटणीतल्या एका कोकण्यानं त्यांना सांगितलं होतं, की चिपळूणजवळ वाशिष्ठीची खाडी अशीच डोंगरांत शिरते. तेव्हापासून तळं, डोंगर आणि खाडी एका दमात बघायची, बायकोला दाखवायची, याच्याशिवाय त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. लष्करानं मोडीत काढलेली जीप त्यांनी घेतली होती. उतारूंची गाडी चालवायच्या परमिटासाठी अर्ज टाकला होता आणि निकाल पुढच्या महिन्यात लागायचा होता. त्या परमिटावर त्यांचा सगळा संसार उभा राहायचा होता.

आता जिल्ह्याबाहेर गूळ न्यायला परवाना लागतो, असं आप्पासोंच्या कानावर आलं होतं. खरं-खोटं विचारायला कचेरीत जावं, तर विचारणाऱ्याचंच नाव लक्षात राहतं. तेव्हा विचारायचं नाही आणि जावयाला सांगायचंही नाही, असं त्यांनी ठरवलं. जीपमध्ये गूळ सापडला तर परमिटाचं काय होईल, हा विचार त्यांच्या मनात आला होता. नाही असं नाही. पण सापडला तर!

पहाटे आप्पासोंनी स्वतः जीपची मागची बाजू लावली. सहा ढेपा पोत्यांत गुंडाळून तीन-तीन दोन्ही अंगांना रचल्या, वर चार गोधड्या घातल्या आणि बायकोला, हरणाबाईंना, एका बाजूला आणि लेकीला, बनुबाईला, दुसऱ्या बाजूला बसवलं. स्वतः ते पुढं बसले.

लालासाहेबांनी गाडीला एक चक्कर मारली. "मामा, गाडी मागनं लय बसलीया."

"तुमच्या सासूबाई हायेत न्हवं मागं," आप्पासो म्हणाले.

"व्हय," मागून हरणाबाईंचा आवाज आला. "आन् त्यांच्या खाली तुमचं मामा हायेत."

लालासाहेबांना वाटलं, नवराबायकोचं नेहमीचं चाललंय. त्यांनी गाडी सुरू केली.

साताऱ्याला महादऱ्याच्या तळ्यावर पहिला थांबा झाला. लालासाहेब काठावर उभे राहून इटलीतल्या तळ्याशी त्याची लांबी-रुंदी ताडत होते. बनुबाई पाण्यात हात घालून बसली होती. आप्पासो काही उतरले नाहीत. ऊन चढायला लागलं होतं, गोधडीच्या कडेनं मुंग्यांची रांग निघाली होती आणि ते ती एकेक करून चिरडत होते.

"मामा, दिसतंय का?"

"लय झ्याक!"

"आवं, तळं ह्या अंगाला हाय."

"ते बी झ्याक हाय," आप्पासो म्हणाले. "चला आता."

पाटण सोडलं तसे डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ आले. लालासाहेब प्रत्येक वळणाला गाडी थांबवायचे. कोयनेचा डोह आला की थांब, कडा आला की थांब, कड्यावरून ढग उतरताना दिसला की ढग उतरून होईपर्यंत थांब. आप्पासोंचा जीव टांगणीला लागला होता. चिपळूणचा बाजार संध्याकाळी उठतो, आणि हा गडी ढगांची वाट बघत बसलाय. त्यात समोरून आलेल्या एका गाडीवानानं जाता जाता सांगितलं, "घाटाच्या तोंडाला नाका हाय. आज लय कडक हायेत. पोत्यात सळई घालून बघत्यात."

आप्पासोंनी मान वळवून मागच्या गोधड्यांकडे पाहिलं. लालासाहेब म्हणाले, "बघूंद्यात की. आपल्याकडं काय हाय?"

"व्हय की," आप्पासो म्हणाले. "काय हाय?"

हरणाबाई मागं खोकल्या.

तेवढ्यात रस्ता मेंढरांनी भरून गेला आणि त्यांच्यामागून हरिबा दिसला. हरिबा माणदेशातला. दर साल दिवाळी झाली की तीनशे मेंढरं घेऊन तो कोकणात उतरायचा, आणि जाताना चार दिवस आप्पासोंच्या रानात कळप बसवायचा. त्याला बघून आप्पासोंना यमाईदेवी भेटल्यासारखं झालं. पाय मोकळे करायच्या निमित्तानं ते खाली उतरले आणि त्याला बाजूला घेऊन म्हणाले, "हरिबा, नाक्यावरनं न जाता खाली उतरायची वाट हाय का रं दुसरी?"

"हाय की. म्या त्याच वाटंनं जातो. माझा बा बी जायाचा."

"रुंद हाय?"

"तीनशे मेंढरं जात्यात, मालक."

तीनशे हा आकडा ऐकून आप्पासोंचं समाधान झालं. तीनशे एका वेळी जातात की एकामागून एक, हे त्यांनी विचारलं नाही.

"चाक जाईल?"

"चाकाचं मला न्हाई ठावं. लादलेलं घोडं जातंया."

जीपमध्ये किती घोड्यांची ताकद असते हे लालासाहेबांनी आप्पासोंना अनेकदा सांगितलं होतं. एक जातंय तर बाकीचीही जातील. ते परत येऊन म्हणाले, "जावईबापू, ह्यो हरिबा म्हंतोय, वरच्या धारंवरनं खाडी दिसती. एकदम सरळ. तुमचं ते नारवे का काय, तसली."

लालासाहेबांनी पुढचं काही विचारलं नाही. हरिबाला चाकावरच्या पत्र्यावर बसवून त्यांनी गाडी रस्त्याखाली घातली.

पहिला अर्धा कोस झकास गेला. मोकळा माळ, वर निळं आभाळ. हरिबा काठीनं वाट दाखवत होता. मध्येच त्यानं काठी आडवी धरली.

"थांबा."

"काय झालं?"

"हितं मेंढरं पाणी पित्यात."

"आपल्याकडं मेंढरं कुठायत?"

"तसं व्हय," हरिबा म्हणाला, पण त्याच्या जिवाला ते बरं वाटलं नाही. पुढं आणखी दोन ठिकाणी त्यानं गाडी थांबवली. एक मेंढरं बसायची जागा होती आणि दुसरीकडं एकदा त्याच्या बाला वाघ दिसला होता.

मग कारवीची झुडपं दोन्ही बाजूंनी गाडी खरवडू लागली. एका अंगाला दरड आली, दुसऱ्या अंगाला काही नाही असं आलं. आणि वळण घेतल्याबरोबर वाट दगडी पायऱ्या होऊन सरळ खाली उतरली. लालासाहेबांनी करकचून ब्रेक दाबला. पुढचं डावं चाक अर्धं हवेत राहिलं.

समोर सगळं कोकण उघडं पडलं होतं. डोंगरांच्या रांगांमागे रांगा, आणि त्यांच्या मधून, लांब खाली, रुप्याची तार वाकवून ठेवावी तशी खाडी.

"मामा, बघा!" लालासाहेब सुकाणूचं चाक धरून, श्वास रोखून म्हणाले. "हीच! बने, बघ, हीच ती!"

बनुबाई बघत होती. हरणाबाई बघत होत्या. आप्पासोंनी डोळे गच्च मिटून घेतले होते.

"हरिबा," लालासाहेब म्हणाले, "आता फुडं?"

"फुडं पायऱ्या उतरायच्या."

"गाडीनं?"

"म्या कवा गाडी आनली न्हाई, सायब. तुमालाच म्हाईत आसंल म्हनून म्या काय बोललो न्हाई."

रिव्हर्स घ्यावा म्हणून लालासाहेबांनी मागं पाहिलं, तर मागं सगळी वाट पांढरी-काळी होऊन हलत होती. हरिबाची बायको राहीबाई नेहमीप्रमाणे, नेहमीच्या वाटेनं, नेहमीचा कळप घेऊन येऊन पोचली होती.

"कुनी घातली ही पेटी मधी?" ती लांबूनच ओरडली. "वाट हाय का तुमच्या बाची?"

"आगं, मालक हायेत!" हरिबा म्हणाला.

"मालक हायेत तर मालकांनी रस्त्यानं जावं. रस्ता कशापायी केलाय?"

या प्रश्नाला आप्पासोंकडे उत्तर होतं, पण ते देण्याजोगं नव्हतं.

मेंढरांना थांबणं माहीत नसतं. ती जीपच्या खालून गेली, बाजूनं गेली, तीन-चार तर वरून गेली. आणि त्यातल्या एका म्हाताऱ्या मेंढीला वास आला. तिनं बनुबाईच्या बाजूची गोधडी दातात धरून ओढली, पोतं ओढलं आणि उन्हानं पाझरलेल्या गुळाला जीभ लावली. तिच्यामागून दहा माना आत आल्या. बनुबाईनं किंचाळून बाहेर उडी मारली.

लालासाहेबांनी सहाही पोती उघडी करून पाहिली. मग ते सासऱ्याकडे वळले. रागानं त्यांचा आवाज उलट खाली गेला होता.

"मामा, ह्ये माझ्या गाडीत? माझ्या परमिटाचं काय? नाक्यावर सापडलं आसतं तर?"

"सापडलं न्हाई न्हवं अजून?"

"सापडलं की. मेंढरांना!"

भांडायला वेळ नव्हता. चाक हवेत होतं, गाडी हलकी करायला हवी होती. लालासाहेब आणि हरिबा ढेपा उतरवू लागले. आप्पासोंना राहवेना. दुसऱ्याच्या हातात आपला माल दिसला की त्यांचा हात आपोआप पुढं जायचा. त्यांनी एक ढेप स्वतः उचलली, पाय घसरला, आणि ती हातातून सुटली. पहिल्या पायरीवर आपटली, दुसरीवर उभी राहिली, आणि मग गाडीच्या चाकासारखी गडगडत निघाली.

"धरा! आरं, धरा तिला!"

"सोडा, मालक," हरिबा म्हणाला. "कोकणातच जायची हुती न्हवं? गेली."

साऱ्या सहलीत आप्पासोंनी दरीकडे डोळे भरून पाहिलं ते त्याच वेळी, ढेप दिसेनाशी होईपर्यंत.

राहीबाईनं खालच्या वाडीच्या दिशेनं हाक घातली. तासाभरात आठ माणसं आणि दोन बैलजोड्या आल्या. लालासाहेबांनी खिशात हात घातला, तर त्या माणसांचा म्होरक्या म्हणाला, "पैसा घिऊन काय करू, सायब? हितं दुकान न्हाई. ते हाय ते द्या की." त्याचं बोट गुळावर होतं. एक ढेप गेली. गाडी मागं ओढली तरी वळवायला जागा नव्हती. नागलीच्या एका शेताचा बांध फोडावा लागला. बांधाची मालकीण, एक म्हातारी, कंबरेवर हात ठेवून उभी होती. तिच्या बांधाची किंमत तिलाच ठाऊक. ती एक ढेप निघाली. मेंढरांनी चाटलेली ढेप राहीबाईनं कुणाला न विचारता उचलून घोड्यावर टाकली.

"ती कशाला?" आप्पासो कळवळून म्हणाले.

"मेंढरांची उष्टी तुमी खाणार का चिपळूणचं बामन खाणार?"

दोन उरल्या.

नाक्यावर पोचले तेव्हा उन्हं कलली होती. आप्पासो यमाईचं नाव पुटपुटत होते. नाक्याचा बांबू वर होता. त्याखाली एक शिपाई, नाथाजी त्याचं नाव, चिलीम ओढत बसला होता.

"गाडी थांबवू का?" लालासाहेबांनी विचारलं.

"कशाला? जावा, जावा," नाथाजीनं हात हलवला. "खाली जाणाऱ्याचं काय बघायचं?"

गाडी घाट उतरू लागली. कुंभार्लीची ती वळणं, ती खोल हिरवी दरी, लालासाहेबांनी एकदाही "मामा, बघा" म्हटलं नाही. म्हटलं असतं तरी उपयोग नव्हता. आप्पासो मनाशी हिशेब करत होते. नाका आहे पण बघत कुणी नाही. म्हणजे चार ढेपा भीतीनं गेल्या. नाक्यानं एकही घेतली नव्हती. हे नुकसान भरून काढलं पाहिजे.

शिपाई "खाली जाणाऱ्याचं" म्हणाला होता. आप्पासोंनी त्यातलं "काय बघायचं" एवढंच घेतलं. बाकीचं सोडून दिलं.

रात्री चिपळूणच्या धर्मशाळेत मुक्काम झाला. सकाळी लालासाहेब बायकोला आणि सासूबाईंना घेऊन होडीतून खाडी बघायला गेले. दोन्ही अंगांना डोंगर, मध्ये शांत पाणी. लालासाहेबांचा राग निम्मा तिथं विरघळला. "आता सायबाला पत्र लिव्हतो," ते म्हणाले. आप्पासो "गाडी राखतो" म्हणून मागं राहिले होते.

त्यांनी गाडी राखली ती अशी: दोन ढेपा गेल्या आणि त्यांच्या जागी चार पायली नवा तांदूळ आला. रहिमतपुरात असला तांदूळ डोळ्यांनी दिसत नव्हता. रेशनच्या किडक्या जोंधळ्यावर दिवस काढणारी माणसं त्याला काय देतील, याचा विचार करूनच आप्पासोंना हुशारी आली. तांदूळ त्यांनी गोधडीच्या खोळीत भरला आणि खोळ स्वतः शिवली.

निघताना लालासाहेबांनी स्पष्टच विचारलं, "मामा, आणि काय न्हाई न्हवं गाडीत?"

"गुळाचा खडा न्हाई. यमाईची आण."

आण खरी होती. हरणाबाई बसता बसता थबकल्या, गोधडी हातानं दाबून बघितली, आणि नवऱ्याकडे एक नजर टाकून तिच्यावर बसल्या.

घाट चढून नाक्यावर आले, तर बांबू खाली होता. वर जाणाऱ्या सात-आठ बैलगाड्या ओळीनं उभ्या होत्या. कारकून टेबल टाकून बसला होता आणि कालचाच नाथाजी आज हातात पोकळ सळई घेऊन पोत्यापोत्यात खुपसत होता.

आप्पासोंचा चेहरा पडला. "आरं, काल तर काय बी बघत न्हवता!"

"काल तुमी खाली जात हुता, पावणं. खाली काय जातंय? वर येतो तो तांदूळ. आमी बसलोय तांदळासाठी." आणि बोलता बोलता नाथाजीनं सळई हरणाबाईंच्या बैठकीत खुपसली. बाहेर काढली तशी पांढरी धार लागली.

लालासाहेबांनी डोळे मिटले. कारकून उठला. "गाडी कुणाची? नंबर लिहून घे. नाव सांगा."

बनुबाईला रडू फुटलं. "आप्पा, ह्यांचं परमिट गेलं आता!"

आप्पासो गाडीतून उतरले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी हिशेब न करता तोंड उघडलं. "सायब, तांदूळ माझा. जावयाला ठाव न्हाई. माझं नाव लिवा."

"तांदूळ तुमचा, पण गाडी त्यांची. दोघांचंही लिहावं लागतं," कारकून म्हणाला आणि दौतीत टाक बुडवला.

"थांबा वं," हरणाबाई म्हणाल्या. त्या अजून गोधडीवरच बसल्या होत्या. "वाटंत खायाला नेलं तर चालतं का?"

"वाटेत खाण्यापुरतं चालतं. शिजवून खायला. पण एवढं? तुम्ही चौघं आणि चार पायली?"

"चौघं कुटं? नीट मोजा की." हरणाबाईंनी हात सगळीकडे फिरवला. बैलगाडीवाले आठ, त्यांची बायकापोरं, सुकी मासळी घेऊन थांबलेल्या दोन कोळणी, नाथाजी आणि दुसरा शिपाई. बोट फिरत फिरत कारकुनापाशी थांबलं. "आन् तुमी. तुमी जेवला का?"

कारकुनानं खाली सांडलेल्या दाण्यांकडे पाहिलं. गेले चार महिने तो इथं पोती पोती तांदूळ पकडत होता, आणि तो सगळा शिक्का मारून पाटणला पाठवत होता. स्वतःच्या घरी तो जोंधळ्याची कणी खात होता. त्यानं टाक पुसून ठेवला.

"इथंच शिजवणार?"

"इथंच."

"एक दाणाही पुढं जाता कामा नये."

"ऱ्हाईल तर जाईल," हरणाबाई म्हणाल्या आणि पदर खोचला.

नाक्यावरचा आंघोळीचा हंडा घासून आला. तीन दगडांच्या चार चुली पेटल्या. कोळणींनी सुकट काढली, गाडीवानांनी कांदे-मिरच्या काढल्या. वाफाळलेल्या भाताचा वास घाटावरून पसरला तशी खालून चढणारीही माणसं पाय उचलून चालू लागली. पंगत बसली. पण आपल्याकडे कारणाशिवायचं जेवण माणसाच्या घशाखाली उतरत नाही. एक म्हातारा गाडीवान म्हणाला, "जेवान कशाचं म्हनायचं हे?"

सगळ्यांनी आप्पासोंकडे पाहिलं.

"ह्यांचा नवस हुता," हरणाबाई म्हणाल्या. "फिटला."

मग काय, नवसाच्या जेवणाचा यजमान म्हणून आप्पासोंनाच वाढायला लागलं. "यजमान, इकडं भात!" "यजमान, जरा हात सढळ!" ते हंड्याकडून पंगतीकडे आणि पंगतीकडून हंड्याकडे धावत होते. लालासाहेब एका दगडावर बसून दरीकडे बघत जेवत होते, आणि बनुबाई त्यांना पलीकडची रांग बोटानं दाखवत होती. कारकुनानं तीनदा भात मागून घेतला. यजमानानं सगळ्यात शेवटी बसायचं, म्हणून आप्पासो शेवटी बसले. तेव्हा हंड्यात खरवड होती.

हात धुऊन कारकुनानं वही उघडली आणि लिहिलं: जीप एक, माणसं चार, झडती घेतली, तांदूळ नाही. जेवून गेलेले मात्र तीस होते. त्यांचं लिहायला वहीत रकाना नव्हता. सहा ढेपा कुणी घालवल्या आणि चार पायल्या कुणी वाढल्या, त्यालाही नव्हता. पण खाली झडती दिलेल्याची एक सही लागते. कारकुनानं वही फिरवली आणि टाक आप्पासोंच्या हातात दिला.

"तांदूळ नाही" हे आप्पासोंनी दोनदा वाचलं. मग भाताच्या चिकट बोटांनी सही केली.